भिजलेला सूट आणि एका पानावरचे नियम : कमी खर्चाच्या एका क्रीचर फिल्मचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी या चित्रपटाचा संकलक होतो. चित्रपटाचं नाव, माणसांची नावं आणि जागा इथे दिलेली नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कुठल्या वळणावर काय ठरलं आणि का ठरलं, हे मात्र जसं आहे तसं सांगतो आहे.

कथा थोडक्यात अशी. जमिनीखालच्या एका बंद पंपघरात पाहणीसाठी पाच जणांची तुकडी उतरते. वरून पाण्याचा लोंढा येतो आणि परतीचा बोगदा बुडतो. गुडघाभर पाण्यात अडकलेल्या या माणसांना हळूहळू कळतं, की पाण्यात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे. पटकथा ९४ पानांची होती. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, या ढोबळ हिशेबाने दीड तासाचा चित्रपट. शूटिंगला १८ दिवस आणि कलाकार धरून सेटवर २७ माणसं.

दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. निर्मात्या बाईंनी आधी दोन लहान चित्रपट केले होते आणि हिशेबाला त्या पक्क्या होत्या. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: क्रीचर फिल्मला, म्हणजे एखाद्या भयानक प्राण्याभोवती फिरणाऱ्या चित्रपटाला, येणारा प्रेक्षक क्रीचर बघायला येतो. त्यामुळे एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका सूटवर, म्हणजे प्राणी होणाऱ्या कलाकाराने अंगात घालायच्या पोशाखावर, ठेवला गेला.

सूट फोम लेटेक्सचा होता. रबराच्या चिकात फेस आणायचा, तो साच्यात ओतायचा आणि भट्टीत मंद आचेवर भाजायचा, अशी ती पद्धत. तयार होणारा पदार्थ हलका असतो, कातडीसारखा वळतो आणि त्याला सुरकुत्याही खऱ्या वाटाव्यात अशा पडतात. म्हणून स्पेशल मेकअपवाले कित्येक दशकं तो वापरत आले आहेत. आमच्या कलाकाराच्या अंगाचा साचा घेऊन त्याच्या मापाचा एकच सूट बनवला होता. जोडीला दुसरा नाही, जादा डोकंही नाही. शूटिंगच्या ९ दिवस आधी तो हातात आला. वर्कशॉपच्या कोरड्या फरशीवर कलाकाराने तो घालून चार पावलं टाकली, मान फिरवली, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यातल्या प्राण्याचा सूट पाण्यात बुडवून बघावा, हे तिथे उभ्या असलेल्या एकालाही सुचलं नाही. त्यात मीही होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा खटकायला हवी होती. पटकथेत प्राणी ३१ दृश्यांत होता. तो झेप घेतो, पाय धरून ओढतो, दात विचकतो, असं सगळं तपशिलात लिहिलं होतं. तो हे का करतो, त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, याबद्दल ९४ पानांत एक ओळ नव्हती.

अडचण

चौथ्या दिवशी प्राण्याचा पहिला सीन लागला. कलाकार सूट घालून पाण्यात उतरला. तिसऱ्या टेकपर्यंत ठीक चाललं होतं. त्यानंतर त्याची चाल बदलली. फोम लेटेक्स आतून स्पंजासारखा असतो, तो पाणी पीत राहतो. पाऊण तासात सूट इतका जड झाला, की दोघांनी धरल्याशिवाय कलाकाराला पायरी चढता येईना. गुडघ्यामागची शिवण उसवली. कमरेभोवती घड्या पडल्या आणि पाणी त्या घड्यांतून ओघळायला लागलं.

खरा धोका डोक्यात होता. डोक्याचा मुखवटा जवळजवळ बंद होता. नाकापाशी दोन बारीक भोकं होती आणि ती ओल्या फोमने बुजत आली होती. अशा बंद जागेत माणूस स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहतो. कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, भोवळ येते. शिवाय अंगाची उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. सहाव्या टेकला फर्स्ट असिस्टंटने, म्हणजे दिग्दर्शकाच्या मुख्य सहायिकेने, ‘अॅक्शन’ची खूण केली, पण प्राणी हलला नाही. सगळ्यांना वाटलं, तो मुद्दाम थांबला आहे. दिग्दर्शक मॉनिटरकडे बघून म्हणाला, “छान, असंच.” असिस्टंट मात्र कुणाला न विचारता पाण्यात शिरली आणि तिने डोकं उचकटून काढलं. आतला मुलगा पांढराफटक पडला होता आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. कोरड्या जागी बसवून, अंगावरचं सगळं काढून, मोकळ्या हवेत वीसेक मिनिटांनी तो नीट बोलू लागला. सेटवरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्या दिवशी त्याला पुन्हा सूट घालू द्यायचा नाही असं सांगितलं.

त्या रात्री आम्ही रशेस, म्हणजे दिवसभरात चित्रित झालेले कच्चे तुकडे, बघितले. प्राणी कुठेच नव्हता. भिजलेली गादी अंगाला गुंडाळून कुणी माणूस चालतो आहे, तसं दिसत होतं. पहिले तीन टेक जरा बरे होते, पण तेही दुरून आणि कडेने. खोलीत कुणी काही बोललं नाही. सूट रात्रभर पंख्यांसमोर टांगून ठेवला. सकाळी वरून कोरडा लागत होता. दाबला की आतून पाणी यायचं.

समोर असलेले पर्याय

पाचव्या दिवशी सकाळी शूटिंग थांबवलं. निर्मात्या बाईंनी दीड दिवस दिला. त्यापुढे लोकेशनची परवानगी आणि कलाकारांच्या तारखा दोन्ही हातून गेल्या असत्या. मला खरं तर संकलनाच्या खोलीत बसायचं होतं, पण हातात किती वापरण्यासारखं आहे हे सांगायला मलाही बोलावलं. चार पर्याय पुढे आले.

पहिला, सूट दुरुस्त करून रेटायचा. मेकअपवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, की शिवणी जोडता येतील, वरून द्रव लेटेक्सचे थर देता येतील, पण प्रत्येक टेकनंतर तो वाळवावा लागेल. वर सिलिकॉनचा थर देण्याची सूचना आली, ती लगेच बाद झाली: सिलिकॉन स्वतःखेरीज फारशा कशालाच धड चिकटत नाही. आणि कलाकाराच्या जिवाचा प्रश्न होताच.

दुसरा, सगळं थांबवून नवा प्राणी बनवायचा. ‘प्रेडेटर’च्या वेळी हेच झालं होतं. जंगलात चित्रीकरण सुरू झाल्यावर पहिला सूट टाकून दिला गेला, स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने नवा प्राणी घडवला आणि १९८७ मध्ये पडद्यावर आला तो हा दुसरा. दिग्दर्शकाला हे उदाहरण फार आवडत होतं. पण त्या थांबण्याचा खर्च एका मोठ्या स्टुडिओने सोसला. आम्ही थांबलो असतो तर तो चित्रपटाचा शेवट होता.

तिसरा, प्राणी संगणकावर. इथे २०१० च्या ‘मॉन्स्टर्स’चं नाव निघालं. गॅरेथ एडवर्ड्स यांनी अगदी लहान तुकडी घेऊन तो केला आणि त्यातले व्हिज्युअल इफेक्ट्स स्वतः केले. हे खरंच आहे, पण ते दिग्दर्शनात येण्याआधी त्याच कामात मुरलेले होते. आमच्याकडे दोन आर्टिस्ट होते, तेही अर्धवेळ. आणि आमचा प्राणी पाण्यात होता. कोरड्या रस्त्यावरचा संगणकीय प्राणी ही एक गोष्ट. ज्याच्या अंगाभोवती पाणी फुटतं, लाटा उठतात आणि त्या लाटा खऱ्या नटाच्या गुडघ्याला लागतात, असा प्राणी ही अगदी वेगळी गोष्ट. कॅमेऱ्याच्या हालचाली पकडण्यासाठी लागणाऱ्या खुणा आणि प्रकाशाच्या नोंदीही आम्ही पहिल्या चार दिवसांत घेतल्या नव्हत्या.

चौथा पर्याय सगळ्यांच्याच तोंडी होता: दाखवायचाच नाही. ‘जॉज’ १९७५ चा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सारखा बिघडत राहिला, म्हणून तो बराच वेळ दिसत नाही, आणि त्यामुळेच भीती वाढते. ही गोष्ट चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. खोलीतला ताण एकदम सैल झाला. दिग्दर्शक म्हणाला, “मग झालंच. आपण तेच करू.”

मी तेव्हा जे बोललो ते आजही मला पटतं, म्हणून सविस्तर लिहितो. शार्क लपवता येतो, कारण शार्क काय करतो हे तिकीट काढण्याआधीच प्रत्येकाला माहीत असतं. पाण्यात माणूस, खाली शार्क, एवढं पुरतं. आमच्या प्राण्याबद्दल प्रेक्षकाला काहीच माहीत नव्हतं. ज्याचा स्वभावच कळलेला नाही, असं काही लपवलं, तर पडद्यावर उरतो नुसता अंधार. दुसरं म्हणजे, तिथे शार्कच्या जागी दुसरं काहीतरी दिसत राहतं. त्याच्या अंगात अडकलेली पिवळी पिंपं पाण्यावरून धावतात, खाली ओढली जातात, पुन्हा वर येतात. प्रेक्षक त्या पिंपांवरून शार्क ‘बघतो’. आमच्याकडे पिंपंही नव्हती आणि स्वभावही नव्हता.

निर्मात्या बाईंनी विचारलं, “म्हणजे आपल्याकडे नक्की काय आहे?” त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

निर्णयाचा क्षण

उत्तर आलं ते सूटमधल्या कलाकाराकडून. त्याला बैठकीला बोलावलेलं नव्हतं. दुपारी त्याची विचारपूस करायला मी आणि साउंड डिझायनर गेलो होतो. सहज विचारलं, आत असताना काय कळत होतं? तो म्हणाला, “दिसत तर नव्हतंच. ऐकूही येत नव्हतं, कानात सगळं फोम. पण कुणी जवळ आलं की पायाला कळायचं. पाणी ढकललं जातं ना. कोण येतंय तेही कळायला लागलं होतं. असिस्टंट ताई भरभर चालतात, त्यांचं पाणी वेगळं लागतं.”

साउंड डिझायनरने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही तिघंही तसेच उठून बैठकीच्या खोलीत गेलो.

मासे हेच करतात. त्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेखा नावाचं संवेदी अवयवांचं जाळं असतं आणि त्यातून त्यांना पाण्याची बारीकशी हालचालही कळते. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये राहणाऱ्या टेट्रा माशांना डोळे उरलेले नाहीत, तरी ते न धडकता फिरतात, ते याच्या जोरावर. युरोपातल्या गुहांमध्ये ऑल्म नावाचा फिकट, आंधळा उभयचर आहे. त्याची जीवनक्रिया इतकी संथ असते, की तो वर्षानुवर्षं अन्नाशिवाय तग धरू शकतो. जमिनीखाली, अंधारात, पाण्यात राहणारा प्राणी कसा असेल याचं उत्तर निसर्गात आधीच होतं. आम्ही दात आणि नखं घेऊन बसलो होतो.

संध्याकाळपर्यंत एक पान लिहून झालं. वर लिहिलं होतं, ‘प्राण्याचे नियम’. त्याला दिसत नाही. पाण्यातली हालचाल त्याला कळते, कोरड्या जागेवरची नाही. पाण्याबाहेर तो काही क्षणच राहू शकतो, कारण हवेत कल्ल्यांची पातं एकमेकांना चिकटतात आणि श्वास घेता येत नाही. त्याला क्वचितच भूक लागते.

या शेवटच्या नियमाने मोठा घोळ केला. भूक नाही, तर तो या माणसांच्या मागे का लागतो? यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. दिग्दर्शक म्हणत होता, भूक लागलेलीच दाखवू. पटकथा लिहिणाऱ्या बाई ऐकेनात. शेवटी उत्तर त्यांच्याच पटकथेत, पान ४० वर सापडलं. पाणी कमी व्हावं म्हणून अडकलेली माणसं जुना पंप चालू करतात. माणसांना जगायचं तर पाणी उतरायला हवं. प्राण्याला जगायचं तर पाणी राहायला हवं. तो शिकारीला आलेला नव्हता. त्याचं घर उपसलं जात होतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय हाच. सूट टाकायचा की ठेवायचा, हा त्यापुढे लहान प्रश्न. त्या रात्रीपासून आम्ही ‘माणसं मारणारा राक्षस’ सोडला आणि एकाच जागेत जगू पाहणाऱ्या दोघांची गोष्ट करायला घेतली.

काय केलं

सर्वांत आधी सूट कापला. मेकअपच्या प्रमुखांनी तो स्वतःच्या हाताने कापला आणि तेव्हा त्या खोलीत कुणाला थांबू दिलं नाही. चार महिन्यांचं काम होतं त्यांचं. डोकं, खांदे आणि उजवा हात ठेवला. हात एका दांड्यावर बसवला, दोन माणसं पाण्याखालून तो चालवत. डोकं कुणी घालायचं नाही, बाहुलीसारखं बाहेरून हलवायचं. अंगावर चकाकी यावी म्हणून मिथाइल सेल्युलोजचा चिकट लेप लावत असू; मागून एकच दिवा असला, की त्या ओल्या कडेवरून प्राण्याचा आकार कळे आणि बाकीचा अंधारात जाई. त्या लेपाने फरशी इतकी निसरडी झाली, की दुसऱ्याच दिवसापासून एक माणूस फक्त फरशी पुसायला ठेवावा लागला.

मग आमची ‘पिंपं’. पात्रं रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दोरीला ओवून बोगद्याच्या तोंडाशी पाण्यावर आडव्या सोडतात. बाटल्या एकमेकींना लागून टकटकल्या, की प्राणी आत आला. कॅमेऱ्यासमोर बाटल्या हलवायला पाण्याखालून एक प्लायची फळी दोरीने ओढायची, बस्स. तिच्यामुळे पाण्यावर जी फुगीर रेघ उठायची, ती मी संकलनात पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. सूटने पूर्ण दिवसात जे दिलं नव्हतं, ते त्या फळीने एका दुपारी दिलं.

पुढची अडचण माझ्या टेबलावर आली. पहिल्या चार दिवसांत चित्रित झालेल्या दृश्यांत पात्रं पाण्यातून बिनधास्त धावतात, ओरडतात, सामान आपटतात. नव्या नियमानुसार प्राण्याने त्यांना तिथेच गाठायला हवं होतं. ती दृश्यं पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तोडगा साउंड डिझायनरने काढला. त्या सगळ्या दृश्यांत वरून पाण्याचा लोंढा कोसळतच होता, पटकथेतच होता. त्या धबधब्याने सगळं पाणी ढवळलेलं असताना प्राण्याला कुणाची पावलं कळणार? म्हणजे लोंढा चालू आहे तोवर माणसं सुरक्षित, आणि तो थांबला की धोका सुरू. एरवी प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो तो नेमका तिथेच धरून ठेवतो. ही सुधारणा आम्हाला आधी सुचली असती तर आम्ही तिचा अभिमान बाळगला असता. ती आली कंटिन्युइटीची, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या दृश्यांचा मेळ न बसण्याची, चूक झाकायला.

आवाजाबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण आमचा अर्धा प्राणी आवाजातच होता. दिग्दर्शकाला डरकाळी हवी होती. साउंड डिझायनरने नकार दिला: हालचालीवर जगणारा प्राणी डरकाळी फोडून स्वतःचंच पाणी ढवळेल कशाला? तो गप्पच असणार. ओला जाड दोर लाकडावर घासून केलेला एकच आवाज ठेवला, तोही तीनदाच. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, पाण्यात जवळजवळ १,४८० मीटर. इतक्या वेगामुळे पाण्याखाली आपल्या दोन कानांना आवाजाची दिशा ठरवता येत नाही. म्हणून कॅमेरा पाण्याखाली गेला, की आम्ही सगळा आवाज मधोमध एकाच ठिकाणी आणला. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण आपण कुठे आहोत याचा त्याचा अंदाज सुटतो.

शेवट बदलावाच लागला. मूळ पटकथेत प्राण्याला विजेचा झटका देऊन मारतात. नव्या शेवटात नायिका पंप बंद करते, पाणी चढू देते, आणि छातीभर पाण्यात न हलता उभी राहते, प्राणी शेजारून निघून जाईपर्यंत. हे लिहून झाल्यावर सेटवरच्या डॉक्टरांनी एक साधी शंका काढली: इतक्या वेळ गार पाण्यात असलेला माणूस न हलता उभा राहील कसा? त्याला थरथर सुटणार. थरथर हा शरीराचा ऊब निर्माण करण्याचा मार्ग आहे, ती मनाने थांबवता येत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात; तेव्हा थरथर जोरात असते. साधारण ३२ च्या खाली ती मंदावते आणि पुढे थांबते, आणि ते थांबणं जास्त वाईट लक्षण असतं.

त्या एका शंकेवर चित्रपटाची शेवटची १२ मिनिटं उभी आहेत. दोघी पाण्यात उभ्या आहेत. एकीला थरथर सुटली आहे आणि तिच्या अंगापासून बारीक वर्तुळं पसरत चालली आहेत. दुसरी अगदी स्थिर आहे. प्राणी स्थिर असलेलीला टाळून जातो, आणि मग आपल्या लक्षात येतं की ती स्थिर का आहे. या दृश्यात प्राण्याचं डोकं फक्त ९ सेकंद दिसतं. अभिनेत्रींच्या कपड्यांखाली वेटसूट होते आणि प्रत्येक टेकला वेळेची मर्यादा होती. चौथ्या दिवसानंतर ती मर्यादा मोडायचा अधिकार दिग्दर्शकालाही नव्हता, फक्त असिस्टंटला होता.

निकाल

शूटिंग १९ दिवसांत संपलं. पहिला कट ९७ मिनिटांचा होता, अंतिम चित्रपट ८४ मिनिटांचा झाला. त्यात प्राणी ओळखू येईल असा एकूण २ मिनिटं ४० सेकंद दिसतो.

ओळखीपलीकडच्या प्रेक्षकांसाठी दोन लहान खेळ केले. पहिल्या खेळानंतर बहुतेकांचा प्रश्न एकच: “तो कधी येतो, कधी येत नाही, असं का?” नियम आम्हाला पाठ झाले होते, पडद्यावर मात्र ते कुणी मांडलेच नव्हते. मग संवाद न घालता एक छोटं दृश्य जोडलं, ते निर्मात्या बाईंच्या तळघरात एका दिवसात घेतलं. कठड्यावरून एक नट घरंगळतो, कोरड्या फरशीवर पडतो, काहीच होत नाही. दुसरा नट पाण्यात पडतो. बाटल्या टकटकतात. दुसऱ्या खेळाला तो प्रश्न कुणी विचारला नाही, आणि शेवटच्या दृश्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीने आपला हलणारा पाय हाताने धरून ठेवलेला मी पाहिला.

प्रदर्शनाच्या बाबतीत मात्र सगळं मनासारखं झालं नाही. वितरकाला पोस्टरवर पूर्ण प्राणी हवा होता. आमच्याकडे तसा नव्हता, म्हणून ट्रेलरमध्ये चौथ्या दिवसाच्या पहिल्या तीन टेकमधला एक तुकडा वापरला गेला, जो चित्रपटात नाही. त्या ट्रेलरवर विसंबून आलेले काही प्रेक्षक चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. त्यांना एक चित्रपट विकला गेला आणि दुसरा दाखवला गेला. जे नुसतं कथा ऐकून आले, त्यांनी तो उचलून धरला. घातलेल्या पैशांतला मोठा भाग परत आला, सगळा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सूट पाण्यात तपासायला एक दिवस आणि एक हौद पुरला असता. १९५४ च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मध्ये जमिनीवरच्या दृश्यांना एक कलाकार होता आणि पाण्याखालच्या दृश्यांना दुसरा, सूटही वेगवेगळे. पाणी आणि जमीन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या धंद्याला तेव्हापासून माहीत आहे.

बंद मुखवट्यातल्या माणसाशी खुणेची भाषा ठरलेली नव्हती, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. दर अर्ध्या मिनिटाला मूठ उघडून मिटायची आणि ती उघडली नाही की टेक थांबवायचा, इतकं सोपं होतं ते. ते आम्ही पाचव्या दिवशी ठरवलं. असिस्टंट कुणालाही न विचारता पाण्यात शिरली नसती, तर हा लेख मी लिहिला नसता.

नियमांचं ते पान पटकथेच्या पहिल्या खर्ड्याबरोबर हवं होतं. पैशांची वाटणी त्यावरून झाली असती. सूटवर गेलेला तिसरा हिस्सा डोकं, एक हात, आवाज आणि शूटिंगचे चार जास्तीचे दिवस यांत वाटला असता, तर तोच चित्रपट अधिक चांगला झाला असता असं मला वाटतं. दिग्दर्शकाचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, सूट बुडाला नसता तर आपण कधी विचारच केला नसता. त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडून काढता येत नाही. पण विचार करायला लावण्यासाठी एका माणसाचा श्वास कोंडावा लागला, हे मला मान्य होत नाही.

आणि श्रेयनामावली. ज्याच्या पायांना पाणी कळलं, ज्याच्या एका वाक्यावरून सगळे नियम निघाले, त्याचं नाव शेवटच्या यादीत ‘सूट कलाकार’ म्हणून येतं. मूळ करारात तसंच होतं आणि यादी करताना कुणी तो करार उघडून पुन्हा विचार केला नाही. यादी पडद्यावर बसवणारा मीच होतो. चित्रपट बाहेर पडल्यावर चार महिन्यांनी पटकथाकार बाईंनी हे दाखवून दिलं, तेव्हा आम्ही नवी प्रत तयार केली. तिच्यात ‘कथाकल्पना’ या ओळीत बाईंच्या शेजारी त्याचं नाव आहे. जिथे जिथे जुनी प्रत बदलता आली तिथे बदलली. दोन ठिकाणी अजून जुनीच चालते, आणि त्यासाठी माझा पत्रव्यवहार सुरू आहे.